वसवसा, घबराहट, टेन्शन

जिन्न, जुनून, जन्नत आणि जनीन हे चार शब्द एकाच अरबी धातूतून निघाले आहेत. जीम-नून-नून, अर्थ झाकणे, डोळ्यांआड करणे. जिन्न दिसत नाही म्हणून जिन्न. जनीन म्हणजे आईच्या पोटात झाकलेला गर्भ. जन्नत म्हणजे दाट झाडीने झाकलेली बाग. आणि जुनून म्हणजे अक्कल झाकली जाणे. शब्दात एवढेच आहे. कोणी झाकली, कशाने झाकली, ते शब्द सांगत नाही. पुढे लोकांनी मजनून म्हणजे जिन्नाने धरलेला असा अर्थ लावला आणि तो इतका रुळला की आजही घरातला तरुण मुलगा एकटाच बडबडू लागला की दवाखान्याच्या आधी दुसरेच दार ठोठावले जाते.

दार चुकते ते पुष्कळदा शब्द चुकल्यामुळे. आपल्या घरांत तीन-तीन भाषा नांदतात. मुलगी आईला म्हणते, ‘दिल घबराता है.’ आई डॉक्टरांना सांगते, ‘हिला गॅस होतो.’ डॉक्टर चिठ्ठीवर ॲन्क्झायटी लिहितात. आणि भावजय म्हणते, नखरे. मुलगी एक, शब्द चार, आणि प्रत्येक शब्दाचा इलाज वेगळा. आम्ही वर्गात उर्दू आणि मराठी शिकवतो, डॉक्टरकी नाही. पण शब्दांचा हिशेब ठेवणे हे मास्तरकीचेच काम आहे, म्हणून या वेळी मनाच्या आजारांचे काही शब्द घेऊ.

सुरुवात वसवसापासून करू, कारण तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. सूरह अन-नासमध्ये तो येतो. मनात कुजबुजणारा विचार, शंका. असा वसवसा कोणाला येत नाही? नमाजीत रकअत तीन झाल्या की चार, कुलूप लावले की नाही, गॅस बंद केला का. विचार येतो आणि जातो. तो जाईनासा झाला की मामला बदलतो.

इथे चेंबूरमध्येच, आमच्या ओळखीच्या एका घरात हे घडले. घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आहे, नावगाव मात्र नको म्हणाले. मुलगी बारावीला. वस्तीत नळाला सकाळी दीड तास पाणी येते आणि ते सहा माणसांना दिवसभर पुरवायचे असते. ही मुलगी फजरच्या वजूला बसली की चाळीस मिनिटे उठेना. कोपर कोरडे राहिले असेल, टाचेवर थेंब पोहोचला नसेल, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. ड्रम अर्धा रिकामा व्हायचा. सूर्य उगवायचा, नमाज कजा व्हायची आणि ती रडत बसायची. आधी आईला अभिमान वाटला की मुलगी किती परहेजगार आहे. मग पाण्यावरून भाऊ ओरडू लागला. अब्बा म्हणाले, वसवसा आहे, लाहौल पढ. तिने तेही शंभरदा पढले, आणि मोजणी चुकली असेल म्हणून पुन्हा शंभरदा. हातांची कातडी फुटून भेगा पडल्या, तेव्हा कुठे सगळे थांबून विचार करू लागले.

डॉक्टर याला ओसीडी म्हणतात. जुन्या मराठीत याच्या जवळ जाणारा एक शब्द आहे, मंत्रचळ. काही मराठी डॉक्टर आजही तो वापरतात. आम्हाला तो शब्द आवडतो, कारण त्यात तोच मंत्र पुन्हा पुन्हा घोकत राहण्याची आणि त्यातून सुटता न येण्याची लाचारी आहे. या आजाराचे दोन भाग असतात. एक, मनात जबरदस्तीने घुसणारा विचार. तो माणसाला स्वतःलाही नको असतो. दोन, त्या विचाराची बेचैनी घालवण्यासाठी पुन्हा पुन्हा केलेली कृती. कृती केली की पाच मिनिटे बरे वाटते आणि याच पाच मिनिटांच्या आरामामुळे आजार घट्ट होतो. दिवसाचा तासभर किंवा जास्त वेळ यात जाऊ लागला आणि अभ्यास, काम, नाती अडू लागली, तर तो नुसता वसवसा राहिला नाही असे समजावे. माणसाला बहुतेक वेळा कळत असते की आपण करतो आहोत ते वाजवीपेक्षा जास्त आहे. म्हणूनच तो लपवतो. काहींच्या मनात तर अल्लाहबद्दल, कुरआनबद्दल किंवा आपल्याच बाळाबद्दल नको ते विचार येतात आणि आपण काफिर झालो, पापी झालो या धास्तीने ते वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत. विचार नको असणे, त्याची किळस येणे हेच या आजाराचे लक्षण आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

घरच्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी. ती मुलगी दर दोन मिनिटांनी विचारायची, ‘अम्मी, कोपर भिजलं ना?’ आणि आई मायेने म्हणायची, ‘हो गं, भिजलं.’ या मायेनेच आजाराला खतपाणी मिळते. उपचारात हे उत्तर देणे हळूहळू बंद करायला शिकवतात. आईला ते मुलीपेक्षा जड जाते.

या घराने आधी वस्तीतल्या मौलवीसाहेबांना विचारले आणि त्यांनी शहाणपणाने दोन गोष्टी सांगितल्या. शंकेमुळे खात्री रद्द होत नाही, हा फिक्हचा नियम आहे. तीनदा धुतले की वजू झाला, त्यापुढचे धुणे इबादत नव्हे. दुसरे म्हणजे, एवढे कळूनही मुलीचा हात थांबत नसेल तर तिला डॉक्टरकडे न्या. नियम कळणे आणि हात थांबणे यांत फरक आहे, हे त्यांनी ओळखले. आमच्या मते अर्धा इलाज इथेच झाला.

उरलेला अर्धा सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत झाला. गोळ्या, आणि सोबत वर्तनोपचार. वर्तनोपचारात भीतीसमोर ठरवून उभे राहायचे आणि कृती करायची नाही. म्हणजे एकदाच वजू करून उठायचे आणि मनातली बेचैनी आपोआप ओसरेपर्यंत सोसायची. ती ओसरते, यावर आधी विश्वास बसत नाही. ओसीडीच्या गोळ्यांचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. महिन्याभरात फरक नाही म्हणून अब्बांनी गोळ्या बंद करायचे ठरवले होते, आईने करू दिले नाही. आता वजू चार-पाच मिनिटांत होतो. परीक्षा जवळ आली की पुन्हा लांबतो.

हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे म्हणणाऱ्यांसाठी एक नाव सांगतो. अबू झैद अल-बल्खी. बल्खचा हा विद्वान सन ९३४ मध्ये वारला. शरीर आणि नफ्स या दोहोंच्या आरोग्यावर त्याने एक ग्रंथ लिहिला आणि त्यात तक्रार केली की वैद्य फक्त शरीराकडे पाहतात. राग, भीती, दुःख आणि वसवसा ही नफ्सची दुखणी त्याने वेगवेगळी मांडली. दुःखाचेही दोन प्रकार केले. एकाचे कारण माहीत असते, उदाहरणार्थ जवळचे माणूस जाणे. दुसऱ्याचे कारण सापडत नाही आणि त्याचे मूळ शरीरात असते. अकराशे वर्षांपूर्वी. घरात जशी औषधे साठवून ठेवतो तसे चांगले विचार मनात आधीच साठवून ठेवावेत, वेळ आली की कामी येतात, असेही तो सांगतो.

बल्खीच्या त्या दोन दुःखांवरून टेन्शनकडे वळू. मुंबईत हा शब्द मिठासारखा वापरला जातो. लोकल चुकली टेन्शन, भाडे थकले टेन्शन, मुलीचे लग्न ठरत नाही टेन्शन. याला ताण म्हणावे. कारण दूर झाले की तो उतरतो. जवळचे माणूस गेल्यावर होतो तो शोक, गम. तोही आजार नव्हे. शरीअतने त्याला वेळ दिला आहे, विधवेला इद्दतीचे चार महिने दहा दिवस. डिप्रेशन हे तिसरे आहे. मराठीत नैराश्य म्हणतात, पण रोजच्या बोलण्यात निराशा म्हणजे मनासारखे न होणे, त्यामुळे शब्द हलका पडतो. उर्दूतला अफसुर्दगी कोणी बोलत नाही. म्हणून आम्हीही डिप्रेशनच म्हणतो.

त्याची खूण अशी. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असणे किंवा कशातच रस न वाटणे. सोबत झोप उडणे किंवा अति झोप, भूक बदलणे, थकवा, हालचाल मंदावणे किंवा उलट अस्वस्थपणा, लक्ष न लागणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार. यातली पाच लक्षणे असली आणि कामकाज अडले तर डॉक्टरांना दाखवायचे. आपल्या बायका यातले एकही सांगत नाहीत. त्या सांगतात, डोके दुखते, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, हातपाय गळतात. मग ईसीजी होतो, सोनोग्राफी होते, सगळे नॉर्मल येते आणि सासू म्हणते, काहीच नाही निघाले, मग नाटक कशाला? दुखणे मात्र खरे असते. आणखी एक, नमाजीत मन न लागणे. माणूस याला ईमानची कमजोरी समजतो आणि अपराधाचे ओझे आणखी वाढते. ज्याला बिर्याणीत चव लागत नाही, नातवाच्या हसण्यात आनंद वाटत नाही, त्याला सजद्यात गोडी कशी वाटेल? ज्याने आनंद वाटतो तेच यंत्र आजारी आहे.

बाळंतिणीचा वेगळा उल्लेख करायला हवा. चाळीस दिवसांच्या त्या काळात घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि सगळ्यांचे लक्ष बाळावर. पहिल्या काही दिवसांत बाळंतीण उगाच रडते, ते निम्म्याहून अधिक बायकांना होते आणि दोन आठवड्यांत आपोआप जाते. त्यापुढेही राहिले, बाळाकडे पाहवेनासे झाले, बाळ झोपले तरी आईला झोप येईना, तर ते बाळंतपणानंतरचे डिप्रेशन. नजर उतरवायची असेल तर उतरवा, पण दवाखानाही गाठा. आणि हजारात एक-दोघींना भास होतात, भलतेच बोलतात, बाळाला इजा होईल असे वागतात. ते त्याच दिवशी रुग्णालयात नेण्याचे प्रकरण आहे, चाळिसावा उलटायची वाट पाहण्याचे नाही.

भास आणि भ्रम हे दोन शब्द मराठी छान वेगळे ठेवते, उर्दूत दोन्हींना वहम म्हणून मोकळे होतात. कोणी नसताना आवाज ऐकू येणे हा भास. शेजारी माझ्या चहात काही घालतात अशी पुरावा नसताना पक्की खात्री असणे हा भ्रम. स्किझोफ्रेनियात हे दोन्ही असू शकतात. हा शब्द १९०८ मध्ये स्विस डॉक्टर ब्लॉयलर यांनी रूढ केला. दुभंगणे आणि मन या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो बनवला, मराठीत छिन्नमनस्कता झाले आणि सिनेमावाल्यांनी त्याचा अर्थ एका अंगात दोन माणसे असा करून टाकला. तसे काही नसते. विचार, भावना आणि वास्तव यांची सांधेजोड निखळते. बहुधा सतरा-अठरा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे नेमका कमावत्या होण्याच्या वयात. उपचार जितके लवकर, तितके पुढचे आयुष्य सावरायला सोपे. पहिले वर्ष-दीड वर्ष ‘असर’ उतरवण्यात घालवणे फार महाग पडते.

दर्ग्यावर जाऊच नये असे आम्ही म्हणत नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार दर्गा आहे. महाराष्ट्रातूनही लोक तिथे जातात. तिथे २००८ पासून दवा आणि दुआ नावाचा उपक्रम चालला. मुजावरांना आजार ओळखायला शिकवले आणि दर्ग्याच्या आवारातच मानसोपचार मिळू लागले. मुजावर स्वतः म्हणू लागले, दुआ मी करतो, गोळी त्यांच्याकडून घे. याची दुसरी बाजू तामिळनाडूत एरवाडीला आहे. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. आत ठेवलेले रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. पळता आले नाही. २८ जण गेले. आज २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे मनोरुग्णाला साखळीने बांधणे हा गुन्हा आहे.

कायद्यातले शब्दही पाहण्यासारखे आहेत. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेडेपणा होता, इंडियन ल्युनसी ॲक्ट. १९८७ मध्ये तो मानसिक आरोग्य कायदा झाला, २०१७ मध्ये मानसिक आरोग्य सेवा कायदा. सरकारी भाषा वेडेपणापासून सेवेपर्यंत आली, आपण मात्र अजून ‘ठाण्याला न्यायची वेळ आली’ म्हणून हसतो, कारण ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून तिथे आहे. या कायद्यात एक कलम रिश्ते जुळवणाऱ्यांनी वाचावे असे आहे. कोणाला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो अस्थिर बुद्धीचा ठरत नाही, त्यासाठी सक्षम न्यायालयाने तसे जाहीर करावे लागते. आणि पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज आजार आहे असेही ठरवता येत नाही. मुलीने कधीकाळी गोळ्या घेतल्या म्हणून ‘दिमाग की मरीज’ म्हणणाऱ्यांना हे दाखवावे. पण आमचे मत विचाराल तर उपचार चालू असतील तर लग्नाआधी सांगावे. लपवलेली गोळी दुसऱ्या महिन्यात सापडते, मग भांडणाच्या भीतीने बंद होते, मग आजार उलटतो.

आत्महत्येबद्दल आपल्याकडे एक शब्द बोलला जातो, हराम, आणि तिथेच बोलणे संपते. ज्याच्या मनात असा विचार येतो तो या शब्दामुळे गप्प होतो, विचार मात्र जात नाही. घरातल्या माणसाला सरळ विचारावे, जगणे नको वाटते का? विचारल्याने ती कल्पना त्याच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. कलम ११५ असे मानते की प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. जुन्या दंडसंहितेतले ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ठेवलेलेच नाही. म्हणून पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला रुग्णालयात न नेणे, हे आता तरी थांबावे.

कोणाकडे जायचे याचाही गोंधळ असतो. मनोविकारतज्ज्ञ हा आधी एमबीबीएस झालेला डॉक्टर, तो औषधे देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, गोळ्या लिहीत नाही. त्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी आहे का ते विचारावे. समुपदेशक ताणतणाव, घरगुती पेच, अभ्यास यांत मदत करतो. समुपदेशक म्हणजे उपदेश करणारा नव्हे, नाव फसवे आहे. आमच्या शेजारी देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. १९३६ साली ती सुरू झाली तेव्हा देवनारला नव्हती, आपल्या नागपाड्यात होती. १९३७ साली तिने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढले, देशातले पहिले. म्हणजे मुलाच्या मनासाठी तज्ज्ञाकडे जाण्याची सोय या शहरात आमच्या आजोबांच्या काळापासून आहे.

गोळ्यांची सवय लागते ही भीती सगळ्यांना असते, आणि ती चुकीच्या गोळीबद्दल असते. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची नशा लागत नाही. त्या गुण दाखवायला दोन ते सहा आठवडे घेतात आणि एकदम बंद करायच्या नसतात, हळूहळू उतरवायच्या असतात. सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची, ज्या मेडिकलवाल्याकडून ओळखीने आणून वर्षानुवर्षे बिनधास्त घेतल्या जातात. रमजानबद्दल एक सूचना. लिथियमची गोळी चालू असेल तर रोजे धरण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, कारण अंगातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते आणि ते धोक्याचे असते. इतर गोळ्यांच्या वेळा बहुधा इफ्तार-सहरीला बसवून मिळतात. स्वतःच्या मनाने बसवू नयेत.

ज्यांना कोठे जायचे ते सुचत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्रीही चालते, मराठीत आणि हिंदीत बोलता येते. नाव सांगायची सक्ती नाही. फोन करताना ‘गॅस होतो’ असे सांगू नये. दिल घबराता है तर तसेच सांगावे, त्यांना कळते.

मतिमंदत्व, ऑटिझम आणि डिस्लेक्सिया हे शब्द या वेळी मुद्दाम घेतले नाहीत. २०१७ चा कायदाही मतिमंदत्वाला मानसिक आजारात धरत नाही. शाळेत मात्र तिन्ही शब्द एकाच मुलावर फेकले जातात, त्याविषयी पुढच्या अंकात.